स्लीपरच्या लांब प्रवासात कुणी आजारी पडलं तर: आधीची तयारी, कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

गाडीत आजारी पडल्यावर लोक औषधात कमी चुकतात, वेळेत जास्त चुकतात. ‘बघू, होईल कमी’ म्हणत दुखणं अंगावर काढायचं आणि माणूस गळून गेल्यावर धावाधाव करायची, असं बहुतेक घरांत होतं. घरी ते एक वेळ निभावतं, कारण दवाखाना रात्रीही असेल तिथंच असतो. गाडीत तो दर मिनिटाला मागे पडत असतो.

माझी आत्या ६८ वर्षांची. काशीला जाताना खंडवा सोडल्यावर तिला जुलाब सुरू झाले. इटारसीला गाडी चांगली थांबली होती, पण आम्ही तेवढ्या वेळात चहा आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या. इटारसी सुटून तासभर झाला आणि आत्या संडासातून परत येताना दारापाशीच खाली बसली. तेव्हा रेल्वेच्या मदत क्रमांकावर फोन केला. डॉक्टर भेटले ते जबलपूरला. मधल्या तीन तासांत मी तिची जीभ कोरडी पडताना बघत होते. हा लेख त्या तीन तासांमुळे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. चालत्या गाडीत डॉक्टर नसतो. गाडी डॉक्टर असलेल्या स्टेशनापर्यंत जाते, आणि तुम्ही वेळेत कळवलं असेल तरच तिथल्या फलाटावर कुणीतरी तुमच्या डब्याची वाट बघत उभं असतं. पुढची सगळी पायरी-पायरी यावरच बेतलेली आहे. उदाहरणासाठी आपल्याकडच्या लोकांचा नेहमीचा मार्ग घेतला आहे: मुंबई किंवा नाशिकहून भुसावळ, खंडवा, इटारसी, जबलपूर, सतना, प्रयागराज करत काशी.

टप्पा १: तिकीट काढतानाच

सहा जणांचं एकच तिकीट काढलं की आजी-आजोबांना वरचा नाहीतर मधला बर्थ येतो आणि मग गाडीत अदलाबदलीसाठी हात जोडावे लागतात. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण त्या तिकिटावर एकटे किंवा दोघेच प्रवासी असतील तरच तो चालतो. म्हणून ज्येष्ठांचं तिकीट वेगळं काढा. डबा वेगळा येऊ शकतो, हे खरं. दोघांपैकी एक जण धडधाकट असेल, तर तरीही हाच मार्ग बरा.

मे महिन्यात स्लीपरनं जाणार असाल तर भुसावळ-खंडवा-इटारसी हा पट्टा दिवसाच्या कोणत्या वेळी येतो ते वेळापत्रकात बघा. भर दुपारी खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा असतो. पर्याय असेल तर हा पट्टा रात्री किंवा सकाळी पार करणारी गाडी निवडा. लहान मूल आणि सत्तरीपुढचं माणूस सोबत असेल, तर वातानुकूलित डब्याचे जास्तीचे पैसे मी तरी खर्च करीन.

टप्पा २: औषधांची पिशवी आणि एक कागद

पिशवी बॅगेच्या तळाशी नको. बर्थखाली साखळीनं बांधलेल्या बॅगेतून रात्री दोन वाजता गोळी काढणं म्हणजे सगळा कप्पा जागा करणं. ती उशापाशी राहील अशी छोटी कापडी पिशवी घ्या. त्यात हे हवं:

- ओआरएसची १ लिटरची मोठी पाकिटं, माणशी दोन
- पॅरासिटामॉल, मुलांसाठी त्यांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस
- उलटीची गोळी, डॉक्टरांना विचारून घेतलेली
- डिजिटल थर्मामीटर, बँडेज, साबणाची वडी
- पाव किलो साखर किंवा ग्लुकोज, छोट्या पुडीत मीठ, एक चमचा
- जाड प्लास्टिकच्या आठ-दहा पिशव्या, जुने पंचे, एक जुनी चादर
- रोजची औषधं, प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त

रोजची औषधं एकाच बॅगेत ठेवू नका. दोन दिवसांचा साठा दुसऱ्याच्या बॅगेत जाऊ द्या. इन्सुलिन खिडकीजवळ किंवा बर्फाला चिकटवून ठेवायचं नाही. उन्हानं ते खराब होतं आणि गोठलं तरी वाया जातं. मेडिकलमध्ये त्यासाठी वेगळी थंड पिशवी मिळते.

आता कागद. एका पानावर प्रत्येकाचं नाव, वय, जुने आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे ते, घरच्या डॉक्टरांचा नंबर आणि विम्याचा किंवा आयुष्मान कार्डाचा क्रमांक लिहा. हृदयरोगी आणि मधुमेही असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून उत्तरं त्याच कागदावर घ्या: छातीत कळ आली तर कोणती गोळी, कशी घ्यायची? आणि उलट्या-जुलाब होऊन खाणं बंद झालं तर साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं? गाडीत बसून या प्रश्नांची उत्तरं अंदाजानं द्यायची नसतात.

*तपासा:* कागदाचा फोटो किमान दोघांच्या फोनमध्ये आहे का? पॉवर बँक भरलेली आहे का? बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचा पुरवठा बंद असतो.

टप्पा ३: स्टेशनांची चिठ्ठी

ही चिठ्ठी कुणीच करत नाही, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच. गाडीचं वेळापत्रक उघडा आणि थांबे तीन रकान्यांत लिहा: स्टेशन, पोचण्याची वेळ, किती मिनिटं थांबते. ज्या ठिकाणी रेल्वेचं रुग्णालय आहे किंवा शहर मोठं आहे, त्यापुढं फुली मारा. आपल्या मार्गावर भुसावळ, इटारसी, जबलपूर आणि प्रयागराज ही अशी ठिकाणं.

खंडवा ते इटारसी सुमारे १८० किलोमीटर आहे, इटारसी ते जबलपूर सुमारे २४५. मध्ये हरदा, पिपरिया, नरसिंहपूर लागतात. पण तिथं थांबा दोन-तीन मिनिटांचा असला की तेवढ्यात पेशंट तपासणं शक्य होत नाही. म्हणजे इटारसी हातची गेली की पुढचे तीन-साडेतीन तास तुम्ही तुमच्या पिशवीवर आहात. चिठ्ठी समोर असली की हे डोळ्यांनी दिसतं आणि ‘बघू’ म्हणायची हिंमत होत नाही.

*सावधान:* गाडी उशिरा धावत असेल तर चिठ्ठीतल्या वेळा कामाच्या नाहीत. दर दोन-तीन तासांनी ॲपवर गाडी प्रत्यक्ष कुठं आहे ते बघून वेळा सुधारून घ्या.

टप्पा ४: लक्षण दिसल्यावरचा पहिला अर्धा तास

आधी माणसाला खालच्या बर्थवर आणा. रात्री मधला बर्थ लावलेला असेल तर त्यावरच्या प्रवाशाला उठवून विनंती करा. आजारी माणसासाठी सहसा कुणी नाही म्हणत नाही. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, उताणं नाही.

मग वेळ लिहा. पहिली उलटी किती वाजता, जुलाब कितीदा, ताप किती, शेवटची लघवी केव्हा. फोनमध्ये चार ओळी पुरतात. डॉक्टर हेच विचारतात आणि तेव्हा घरच्यांची आपसात वादावादी होते.

दोन गोष्टी कटाक्षानं पाळा:

*सावधान:* उलटीसाठी डब्याच्या उघड्या दारात कुणालाही उभं करू नका. चक्कर आलेला माणूस दांडी धरू शकत नाही. उलटी बर्थवर बसून, पिशवीतच. पिशवीत जुना पंचा घातला की सांडत नाही.

*सावधान:* आजारी माणूस संडासात गेला की आतून कडी लावायची नाही. बाहेर एक जण दार ओढून उभा राहील. आत घेरी येऊन पडल्यावर कडी तोडण्यात फार वेळ जातो.

सोबतच्यांनी हात साबणानं धुवायचे. नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही. जुलाबाचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत. बेसिनचं पाणी हात धुण्यापुरतंच. चूळही बाटलीच्या पाण्यानं भरा.

टप्पा ५: ओआरएस बनवणं आणि पाजणं

इथं मी जरा थांबून लिहिते, कारण शिकलेल्या घरांतही हे चुकतं. मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं आणि ते १ लिटर पाण्यासाठी असतं. लहान साधारण ४ ग्रॅमचं, ते २०० मिलिलिटरसाठी. लोक मोठं पाकीट फोडून पेल्यात चमचाभर टाकतात आणि ढवळून देतात. कधी ते फार घट्ट होतं, कधी नुसतं पाणी. घट्ट झालं तर जुलाब वाढतात, मुलांच्या रक्तातलं मीठही वाढू शकतं.

हा क्रम ठेवा:

१. १ लिटरची सीलबंद बाटली घ्या. अंदाजे दोन घोट पाणी पेल्यात काढून घ्या, म्हणजे पावडर टाकल्यावर सांडणार नाही.
२. कागदाचं नरसाळं करून पूर्ण पाकीट बाटलीत रिकामं करा. अर्धं ठेवायचं नाही.
३. काढलेलं पाणी परत ओता, झाकण लावून हलवा. तळाशी कण दिसेनासे झाले पाहिजेत.
४. बाटलीवर बनवल्याची वेळ लिहा. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.
५. एक घोट स्वतः चाखा. चव डोळ्यांतल्या पाण्याइतपत खारट असावी. त्याहून खारट लागलं तर प्रमाण चुकलं आहे. ते ओतून नवीन बनवा.

किती पाजायचं? प्रत्येक पातळ जुलाबानंतर मोठ्या माणसाला २०० ते ४०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २००, त्याहून लहान बाळाला ५० ते १००. बाळ अंगावर पीत असेल तर ते चालूच ठेवा. पाजल्यावर उलटी झाली तर ओआरएस बंद करायचं नाही. दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा. गटागटा प्यायलं की परत बाहेर येतं आणि घरचे म्हणतात, ‘पोटात काही ठरतच नाही’. चमच्यानं बहुतेकदा ठरतं.

पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. पोह्यांचा मोठा चमचा नव्हे, चहाचा.

नेहमीच्या चुका: ओआरएस सरबतात किंवा दुधात मिसळणं, वरून साखर घालणं, त्याऐवजी कोल्ड्रिंक देणं. दुकानात खोक्यात मिळणारं गोड पेय ओआरएस समजून घेऊ नका. वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. ‘पोटाला आराम’ म्हणून माणसाला उपाशी ठेवणंही चूकच. उलटी थांबली की केळं, मऊ भात, दहीभात थोडा-थोडा द्या. आणि जुलाब लगेच थांबवणारी लोपरामाइडची गोळी मुलांना कधीच नाही. मोठ्यांनाही ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर नाही. शेजारच्या बर्थवरच्या काकांनी प्रेमानं दिलेली अँटिबायोटिकची गोळीसुद्धा नम्रपणे परत करा.

*उन्हाचा त्रास वेगळा ओळखा.* अंग तापलेलं, डोकं जड, आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो साधा ताप नाही, उष्माघात असू शकतो. त्याला पॅरासिटामॉलनं उतार पडत नाही. कपडे सैल करा, पंचा ओला करून मान, काखा, जांघा पुसत राहा, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासात जाईल. आणि ताबडतोब पुढचा टप्पा.

टप्पा ६: कळवायचं केव्हा आणि कसं

यापैकी काहीही दिसलं तर वाट बघायची नाही: छातीत कळ किंवा दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय न हलणं, बोबडी वळणं, फीट, बेशुद्धी किंवा बरळणं, शौचातून रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत आणि हात-पाय गार पडलेत, चमच्यानं देऊनही काहीच न ठरणं, बाळ रडतं पण डोळ्यांत पाणी नाही. गरोदर बाईला पोटात दुखणं किंवा रक्तस्राव असेल तरीही लगेच.

ही लक्षणं नसतील, पण त्रास सुरू होऊन चिठ्ठीतलं फुलीचं स्टेशन दीड-दोन तासांवर आलं असेल, तरी कळवा. माझा नियम सरळ आहे: फुली ओलांडायच्या आत निर्णय. स्टेशन यायच्या वेळी माणूस बरा वाटला तर ‘आता गरज नाही’ असं सांगता येतं.

१. १३९ लावा. १ दाबल्यावर सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीकडे फोन जातो. ‘रेल मदद’ ॲपवरही नोंद करता येते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
२. एका दमात हे सांगा: गाडीचा नंबर, पीएनआर, डबा, बर्थ, पेशंटचं वय, बाई की पुरुष, त्रास काय, केव्हापासून, शुद्धीवर आहे का, पुढचं मोठं स्टेशन कोणतं.
३. लगेच टीसीला गाठा. फोन झाला म्हणून काम झालं असं समजू नका. टीसी कंट्रोलला, म्हणजे रेल्वेच्या नियंत्रण कक्षाला, कळवू शकतो. गाडीत प्रथमोपचार पेटी असते, तीही त्याच्यामार्फत मिळते. रेंज नसेल तर टीसी किंवा गाडीतले आरपीएफचे (रेल्वे सुरक्षा दलाचे) जवान हाच मार्ग. त्यांना शोधायला घरातला तरुण माणूस पाठवा, पेशंटपाशी एक जण राहू द्या.
४. डब्यात मोठ्यानं विचारा, कुणी डॉक्टर किंवा नर्स आहे का. लाजू नका.

मराठी माणसाची एक खास अडचण इथं येते. खंडव्याच्या पुढं सगळं हिंदीत सांगायचं असतं, आणि घाईत आपण मराठी शब्दच हिंदीच्या चालीवर बोलतो. ‘जुलाब’ हा शब्द हिंदीत रेच देण्याच्या औषधासाठी वापरतात! ‘उनको जुलाब हुआ’ म्हटलं की ऐकणारा गोंधळतो. म्हणा ‘दस्त’. मुरड्याला ‘मरोड़’, लघवीला ‘पेशाब’, घेरी आली याला ‘चक्कर आया’, दम लागतोय याला ‘साँस फूल रही है’, छातीत कळ याला ‘सीने में दर्द’, फीट आली याला ‘दौरा पड़ा’. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एवढे शब्द लिहून ठेवा.

*सावधान:* साखळी ओढण्याआधी विचार करा. गंभीर आजार हे साखळी ओढायला योग्य कारण आहे. विनाकारण ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली शिक्षा आहे, ती वेगळी गोष्ट. पण प्रश्न उपयोगाचा आहे. रानात गाडी थांबवली तर तिथं ना डॉक्टर, ना रुग्णवाहिका यायला रस्ता. उलट पुढचं स्टेशन लांबतं. साखळी उपयोगी पडते ती गाडी फलाटावर असताना, पेशंटला उतरवायचं आहे आणि गाडी सुटते आहे अशा वेळी.

टप्पा ७: फलाट यायच्या आधी

स्टेशनला पंधरा मिनिटं असताना कामं वाटून घ्या. एक जण पेशंटपाशी, एक जण दारात. दारातल्या माणसानं फलाटावर दिसेल असा हात हलवायचा, कारण डॉक्टरांना २० डब्यांतून तुमचा शोधायचा असतो. वाट मोकळी करा, सामान बर्थखाली सरकवा, दिवा लावा.

डॉक्टरांच्या हातात औषधांचा कागद आणि लिहिलेल्या वेळा द्या. तपासणीची फी आणि औषधांचे पैसे लागू शकतात. पावती मागा, विम्याला लागते.

आणि एक प्रश्न स्पष्ट विचारा: ‘आगे जा सकते हैं, या उतरना चाहिए?’ डॉक्टर ‘उतरा’ म्हणाले तर उतरायचं. ‘काशीचं बुकिंग आहे’, ‘एवढ्या लांब आलो’, ‘पुढं बघू’ हे शब्द मी त्या दिवशी आमच्याच कप्प्यात ऐकले. आत्यानं स्वतः उतरायला नकार दिला होता. शेवटी काकांनी तिच्या चपला उचलून फलाटावर ठेवल्या, तेव्हा ती उठली. जबलपूरला दोन दिवस सलाइन लागलं.

टप्पा ८: उतरायचं ठरलं तर

सगळं कुटुंब उतरवण्याची गरज नाही. पेशंटबरोबर दोघं: एक धावपळ करू शकणारा आणि एक पेशंटला जवळचा. त्यांच्याकडे रोख पैसे, आधार कार्ड, चार्ज असलेला फोन, औषधांची पिशवी आणि एका रात्रीचे कपडे. मोठ्या बॅगा पुढं जाऊ द्या. थांबा कमी असेल तर आधी पेशंट उतरवा, मग सामान. उलटं केलं आणि गाडी सुटली, तर बॅग फलाटावर आणि आजारी माणूस गाडीत.

- स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर मागा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश, तिन्हीकडे १०८ ची रुग्णवाहिका चालते.
- प्रवास अर्धवट सोडल्याचं टीसीकडून लिहून घ्या. त्याशिवाय उरलेल्या प्रवासाच्या परताव्याचा अर्जच कच्चा राहतो. परतावा मिळेलच असं धरून मात्र चालू नका.
- तेच आरक्षण उद्याच्या गाडीला चालत नाही. नवीन काढावं लागतं.
- दवाखान्यात भरती केलं तर २४ तासांच्या आत विमा कंपनीला कळवा. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, पण योजनेतल्या रुग्णालयात आणि भरती झाल्यावर. रिक्षावाल्याला नुसतं ‘हॉस्पिटल’ म्हणण्याआधी हे विचारा.
- परतीचं तिकीट आणि धर्मशाळेचं बुकिंग त्याच संध्याकाळी बघा. तिकीट चार्ट लागायच्या आत रद्द करावं लागतं.

*तपासा, पुढं निघण्यापूर्वी:* पूर्ण एक दिवस उलटी नाही, ताप नाही, लघवी नेहमीसारखी आणि फिकट, माणूस आधाराशिवाय संडासापर्यंत जाऊन येतो, आणि डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आहे. यातलं एक जरी नसेल तर आणखी एक रात्र तिथंच काढा. निघताना ओआरएसची पाकिटं पुन्हा भरून घ्या, आणि चिठ्ठी नव्या गाडीच्या वेळांप्रमाणे पुन्हा लिहा.